डोक्यावरचा डोंगा

तळ्यांचा एक मुलूख आहे. तिथे गावं लहान आणि तळी मोठी. त्यातल्या एका तळ्याकाठी एक शिंगाडेवाला आणि त्याची बायको राहत होती.

शिंगाडा काही झाडावर लागत नाही. तळ्याच्या पाण्यावर त्याची वेल पसरते, पानांखाली फळं धरतात, आणि ती तोडायला पाण्यात जावं लागतं. काठाची फळं माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तोडतो. पण खरं पीक असतं मध्यावर, खोल पाण्यात. तिथे जायला डोंगा लागतो. एका खोडातून कोरून काढलेलं, जेमतेम एका माणसापुरतं होडकं म्हणजे डोंगा. शिंगाडा पिकला की तोडावाच लागतो. चार दिवस उशीर झाला तर तो आपोआप सुटतो आणि तळाशी जाऊन बसतो. मग तो ना खायचा राहतो, ना विकायचा.

हा शिंगाडेवाला कष्टाळू होता, सरळ होता. एक खोड सोडली तर त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. कोणी काहीही सांगितलं की तो 'बरं' म्हणायचा. कळलं तरी बरं, न कळलं तरी बरं. गावाला तो फार शहाणा वाटायचा. जो माणूस प्रश्न विचारत नाही त्याला सगळं ठाऊकच असणार, अशी गावाची समजूत असते.

त्या वर्षी दिवाळी झाली, शिंगाडे भरले, आणि नेमका त्याचा जुना डोंगा बुडातून कुजला. शेजाऱ्यांचे डोंगे मागावेत तर ज्याची त्याची तोड सुरू झालेली. तळ्यातला या नवरा-बायकोचा वाटा सगळा मध्यावर होता. वर्षाचं पोट त्याच्यावर होतं. आणि हातात दिवस होते आठ.

वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगे कोरणारा एक सुतार राहत होता. त्याच्याकडे एक डोंगा तयार असल्याची खबर आली. शिंगाडेवाल्याने कमरेला पैसे बांधले आणि निघाला.

बायको दारापर्यंत आली. म्हणाली, "अजी, एक ध्यानात ठेवजा. नवा डोंगा पहिल्यांदा आपल्याच तळ्यात उतरवजा. वाटेत दुसऱ्या पाण्यात घालू नका. सासूबाईंची रीत हाय."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सुताराच्या दारी पोचला. डोंगा पाहून त्याचा जीव हरखला. सावरीच्या लाकडाचा, हलका, दोन्ही टोकं सारखी निमुळती, आतून हात फिरवला तर कुठे कुसळ लागू नये. सौदा झाला. रात्री तो तिथेच ओसरीवर निजला. सकाळी सुताराने डोंगा उचलून दारासमोरच्या नदीकाठी आणून ठेवला आणि हातात वल्हं दिलं.

"लाकूड अजून ओलं हाय जी," सुतार म्हणाला. "याले ऊन लागू देऊ नका, नाही तं तडकून जाईन. आत्ताच नदीत घाला अन् बसा. हीच नदी तुमच्या गावाखालून जाते. उद्या दुपारी घरी जेवायले जासान."

"बरं," शिंगाडेवाला म्हणाला.

आता पाहा, एका डोक्यात दोन बरं झाले. बायकोने सांगितलं, दुसऱ्या पाण्यात घालायचं नाही. सुतार म्हणतो, पाण्यातच घालायचं. दोघंही आपल्या भल्याचं सांगणारी. खोटं कोण बोलतं म्हणावं? तो थोडा वेळ नदीकडे पाहत उभा राहिला. सुतार घरात गेल्यावर त्याने हळूच डोंगा उचलला, पालथा करून डोक्यावर घेतला आणि नदीच्या काठाकाठाने चालू लागला. वल्हं त्याने काखेत मारलं.

डोक्यावर डोंगा घेऊन चालणाऱ्याला फार काही दिसत नाही. आपले दोन पाय दिसतात आणि पुढची हातभर जमीन. बाकी जग नुसतं ऐकू येतं.

थोडं पुढे गेल्यावर एका बाईचा आवाज आला. ती धुणं धूत असावी. "काय गा, बाजूले एवढी नदी वाहते, अन् तू डोंगा डोक्यावर घेऊन चालला?"

"हो जी," तो डोंग्याखालून म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मंग नदीत घाल ना."

"बरं," तो म्हणाला आणि तसाच पुढे गेला. बाई मागून हसली ते त्याने ऐकलं.

पुढे एक गुराखी भेटला. निदान गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, म्हणून गुराखीच असावा. तो म्हणाला, "भाऊ, लाकडाले ऊन लागून राह्यलं. वरून पळसाची पानं टाका." हे मात्र पटण्यासारखं होतं. शिंगाडेवाल्याने डोंगा उतरवला, पानं तोडून वर बांधली. मग एक वाटसरू म्हणाला, "कोरडी पानं काय कामाची? पाणी मारा त्यावर." शिंगाडेवाला ओंजळ भरायला नदीत वाकला आणि थबकला. ओंजळभर पाणी हे दुसरं पाणी झालं की नाही? वरून मारलेलं पाणी म्हणजे उतरवणं होतं का? त्याने खूप विचार केला. विचाराने त्याचं डोकं दुखायला लागलं. शेवटी ओंजळ त्याने स्वतःच पिऊन टाकली.

दुपारी उन्हाचा कहर झाला तेव्हा तो एका बाभळीखाली डोंगा ठेवून टेकला. आणि त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. घाईघाईने उठून त्याने डोंगा डोक्यावर घेतला आणि झपाझप चालू लागला. चालता चालता त्याला वाटलं, सकाळी नदी उजव्या हाताला खळखळत होती, आता डावीकडून कशी ऐकू येते? पण नद्या वळतात. वळली असेल. पुन्हा एका बाईच्या हसण्याचा आवाज आला. त्याला वाटलं, या मुलखातल्या बाया फारच हसऱ्या आहेत.

दिवेलागणीला पायाखाली लाकडाचा भुसा आला. डोक्यावरून डोंगा उतरवून पाहतो तर समोर सुतार, हातात तासणी घेऊन उभा.

"काय जी," सुतार म्हणाला, "दुसरा पाह्यजे का?"

दोन्हीकडून सारखा दिसणारा डोंगा. झोपेतून उठलेल्या माणसाला त्याचं पुढचं टोक कोणतं अन् मागचं कोणतं हे कसं कळावं? शिंगाडेवाला खाली बसला. त्याला रडूच आलं. अख्खा दिवस वाया गेला होता, घरी शिंगाडे पिकत होते, आणि तो होता तिथेच होता.

सुताराला त्याची दया आली. त्याने त्याला पाणी दिलं, भाकर दिली. मग दिवा धरून डोंगा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. एका टोकाशी केसाएवढी बारीक रेघ आली होती.

"हे पाहा, सुरू झालं," सुतार म्हणाला. "आज ऊन लागलं याले. अजून काही गेलं नाही. रातभर पाण्यात राह्यला तर लाकूड फुगन अन् रेघ मिटून जाईन. इथं काठाशीच घाला, बांधून ठेवू."

शिंगाडेवाल्याने डोंगा नदीपासून आणखी मागे ओढून घेतला.

"तुमी नदीत काहून घालत नाही जी?" सुताराने विचारलं.

"बायकोनं सांगतलं हाय. पहिल्यांदा आपल्याच तळ्यात."

"कायले?"

"ते मालूम नाही. आईची रीत हाय."

"तुमच्या आईनं काही सांगतलं असन ना."

"मी इचारलं नाही कधी."

सुताराने दिवा खाली ठेवला. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसाला दुसऱ्याच्या घरच्या रीतीत बोट घालवत नाही. "मंग मी काय सांगू?" तो म्हणाला. "लाकडाचं मले समजते. रीतीचं तुमचं तुमाले."

त्या रात्री शिंगाडेवाला डोंग्याजवळ बसून राहिला. नदी चार पावलांवर होती. घालावा तर आईची रीत मोडते, आणि रीत मोडल्यावर काय होतं ते ठाऊक नाही. न घालावा तर डोंगा तडकतो, आणि ते मात्र डोळ्यांना दिसतंय. जे दिसतंय त्यापेक्षा जे ठाऊक नाही त्याचीच भीती माणसाला जास्त वाटते. पहाटे त्याने डोंग्याच्या एका टोकाला चुन्याचं बोट लावलं, म्हणजे पुन्हा दिशा चुकू नये, आणि डोंगा डोक्यावर घेतला. सुताराने त्याला हाक मारली नाही.

मग तीन दिवस तो चालत होता. वाटेत लोक बोलत होते, तो बरं म्हणत होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच्या डोक्यावर टर्रकन आवाज झाला. त्याने डोंगा उतरवून पाहिला नाही. पाहिलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं.

घर सोडल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी तो गावात शिरला. मान आखडलेली, खांदे सोललेले. बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन तळ्यावर आली. दोघांनी मिळून डोंगा काठाच्या कमरेएवढ्या पाण्यात सोडला. बायकोने डोंग्याला कुंकू लावलं. ती हात जोडते न जोडते तोच डोंग्याच्या बुडातून पाणी वर यायला लागलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट जाईल अशी भेग पडली होती. बघता बघता डोंगा काठोकाठ भरला.

शिंगाडेवाला म्हणाला, "पण मी याले वाटेत दुसरं पाणी लागू देलं नाही. एक थेंब नाही. तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही."

बायकोने विचारलं, "म्हणजे तुमी डोक्यावर आणला? नदी असतानी?"

"तूच म्हणाली ना, सासूबाईंची रीत."

"अजी, ते कायले होतं, ठाऊक नाही तुमाले?" ती म्हणाली. "तुमच्या आजोबांनी एकदा नवा डोंगा सरळ खोल पाण्यात घातला. त्याच्या बुडाले भोक होतं. मरता मरता वाचले. तवापासून सासूबाई सांगत, नवा डोंगा आधी आपल्या तळ्याच्या काठाले घाला, कमरेएवढ्या पाण्यात. गळला तरी माणूस उभा राह्यते, बुडत नाही. एवढीच रीत हाय ती."

शिंगाडेवाल्याने भरलेल्या डोंग्याची कड धरली.

"सुताराच्या दारात पाणी केवढं होतं?" तिने विचारलं.

तो खाली पाण्याकडे पाहत म्हणाला, "कमरेएवढं."

मग त्याने विचारलं, "तुले हे कोणी सांगतलं?"

"सासूबाईंनी. मी लग्न होऊन आली त्याच वर्षी इचारलं होतं त्यांले. तुमी तर पोटचे लेक."

"मंग निघतानी मले काहून नाही सांगतलं?"

ती म्हणाली, "तुमी बरं म्हणाले. मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

भेगेत चिंध्या ठोकून, वरून राळ ओतून, ती वाळेपर्यंत चार दिवस गेले. तेवढ्यात तळ्याच्या मध्यावरचे त्यांचे निम्म्याहून जास्त शिंगाडे सुटून तळाशी गेले. शेजाऱ्यांनी आपापली तोड आटोपून मदतीला डोंगे आणले, पण तोपर्यंत वेली हलक्या झाल्या होत्या. राहिलं ते त्यांनी तोडलं, उकडलं, विकलं. ते वर्ष त्यांना एक वेळ जेवून काढावं लागलं.

तळाशी गेलेला शिंगाडा काळा पडतो आणि त्याची शिंगं काट्यासारखी टणक होतात. पुढे उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं. शिंगाडेवाला वेली साफ करायला आपल्या वाट्यात उतरला की अनवाणी पायांना ते काटे बोचत. पाऊल टाकील तिथे एक. तो पाय उचलून काटा काढी, हातात धरून थोडा वेळ बघे, आणि पुढचं पाऊल टाकी.

या गोष्टीचं तात्पर्य ज्याला काढायचं त्याने असं काढावं: मोठ्यांनी सांगितलेली रीत जरूर पाळावी, पण ती कशासाठी आहे हे विचारून घ्यावं. कारण माहीत असलेली रीत माणसाला तारते. कारण न विचारता उचललेली रीत, नदी शेजारून वाहत असतानाही, डोक्यावर वाहावी लागते.