गोजराबाईचं डाळिंब

एकदा काय झालं, एका गावात गोजराबाई नावाची एक बाई राहायची. तिच्या परसात डाळिंबाचं एक झाड होतं. लेक झाली त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं ते लावलेलं. मग पुढं नवरा वारला. लेक केशर लग्न होऊन सासरी गेली. घरी उरली गोजराबाई आणि तिचं झाड.

गोजराबाई झाडाला फार जपायची, बरं का. कुणाला पानसुद्धा तोडू द्यायची नाही. त्यामुळं झालं काय, झाड नुसतंच माजलं. फांदीत फांदी गुंतली. आत उजेड शिरेना. आधी डाळिंबं लिंबाएवढी झाली, मग सुपारीएवढी, आणि मग येईनातच.

अन् त्याच वर्षी केशर बाळंतपणाला माहेरी आली. तिला अन्नच जाईना. भात केला, नको. शिरा केला, नको. पेज दिली, तीही नको. "आई, आपल्या झाडाचं डाळिंब दे गं," एवढंच म्हणायची. पोर वाळून काडी झाली.

शेजारचा म्हादू माळी म्हणाला, "वहिनी, झाड छाटा. त्याशिवाय फळ धरायचं नाही."

"ह्यांच्या हातचं झाड ते, भाऊजी. त्याच्यावर कोयती चालवू?"

पण दुपारी केशरनं पुन्हा ताट सरकवलं. मग मात्र गोजराबाई उठली. कोयती घेऊन परसात गेली. हात उचलला, पण घाव काही घालवेना. बसली बुंध्याशी रडत.

तेव्हा झाड बोललं. हो, बोललं! "आई, केशरच्या केसांचा गुंता काढताना ती रडायची. म्हणून तू फणी टाकून द्यायचीस का?"

गोजराबाईनं डोळे पुसले. आधी वाळक्या काटक्या काढल्या. झाडानं श्वास सोडला. मग बुंध्याशी आलेले फुटवे काढले. झाड म्हणालं, "हलकं वाटलं गं." मग आली मधली जाड फांदी. तिला एक सुंभाची दोरी होती, नवऱ्यानं रोप सरळ राहावं म्हणून बांधलेली. फांदी वाढली होती आणि दोरी सालीत पार रुतून बसली होती. गोजराबाईचा हात थांबला.

"त्यांच्या हातची गाठ आहे रे ती."

"माहीत आहे," झाड हळूच म्हणालं. "पण दुखतं मला."

इतकी वर्षं दुखत होतं, आणि आपल्याला कळलंच नाही! गोजराबाईनं दोरीवरनं एकदा हात फिरवला. मग डोळे उघडे ठेवून फांदी कापली.

झाड अगदी बोडकं दिसायला लागलं. बायका म्हणाल्या, "मारलंस की गं झाड!" गोजराबाईनं बुंध्याशी शेण कालवून घातलं, पाणी घातलं आणि वाट बघत बसली.

एरवी फळाला महिने लागतात, बरं का. पण झाडानं केशरसाठी घाई केली. पहिल्या दिवशी पालवी आली. दुसऱ्या दिवशी लालभडक फुलं आली. तिसऱ्या दिवशी तांब्याएवढं डाळिंब लटकलं! गोजराबाईनं ते फोडलं, दाणे वाटीत काढले. केशरनं वाटी संपवली आणि म्हणाली, "आई, आता जरा भात वाढ."

पुढं केशरला गुटगुटीत मुलगी झाली. गोजराबाई दरसाल आपल्या हातानं झाड छाटायला लागली, आणि सगळ्या आळीला डाळिंबं पुरायला लागली. ती सगळी तिकडं सुखात आहेत. आता तुम्ही पांघरूण ओढा आणि डोळे मिटा बघू.