धनेशिणीच्या घराची फट

झाडं एकमेकांची चौकशी करत, त्या काळातली गोष्ट. एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं नवं घर तयार होत होतं आणि शेजारच्या शेकरूकाकीचा पाय काही घरात ठरत नव्हता.

धनेश चोचीतून चिखल आणून द्यायचा आणि आत बसलेली धनेशीण त्याने चक्क दारच लिंपायची. ते बघून काकी धावतच आली.

"अगं बाई, चैत्राचं ऊन डोक्यावर आहे. दार बुजवलंस तर अंडी आतच उकडतील. सरक, मी फोडते भिंत."

"फोडू नका, काकी. दारातून झळा येतात म्हणून तर लिंपतेय. चोचीपुरती उभी फट ठेवलीय ना."

"एवढ्याशा फटीतून वारा येणार कुठला?"

"नाक लावून बघा की."

काकीला तेवढंच हवं होतं. फटीच्या वरच्या टोकाला नाक लावलं, तर आतली ऊन हवा बाहेर पडत होती. खालच्या टोकाला लावलं, तर झाडाच्या सावलीतली गार हवा तिच्या मिशा हलवत आत शिरत होती. आत धनेशीण अंड्यांवर निवांत बसली होती.

काकीने भिंतीवर उगारलेला पंजा चिखलात बुडवला आणि काठाशी राहिलेली एक भेग बाहेरून लिंपून टाकली.