हरकतीचा दगड

फार पूर्वी रानाचा कारभार प्राण्यांची पंचायत पाही. ठराव उंबराच्या पानावर लिहीत. ज्याला तो नामंजूर असेल त्याने उंबराखालच्या दगडावर बसायचे, आणि दगड रिकामा होईपर्यंत सभेतून कुणी हलायचे नाही, असा नियम होता. हरकत घेणारे भुकेने दुपारीच उठत, म्हणून सगळे ठराव मंजूर होत.

एकदा कोल्हा सरपंचाने ओढा बुजवून बाजार वसवायचा ठराव मांडला. माकडांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात म्हातारी कासवी सावकाश दगडावर चढली.

"कासवीबाई, रानाची भरभराट डोळ्यांत खुपते का?" कोल्हा हसला.

"मागे तुम्ही अर्धा ओढा बुजवून गोदाम बांधलंत. पाण्याला वाट उरली नाही. ते काठावर चढलं आणि माझी सगळी अंडी घेऊन गेलं. त्या वाळूत मी अजून रोज जाऊन पाहते."

"वाईट झालं. पण बाजाराला उशीर होतोय. किती वेळ बसणार?"

"उरलेल्या काठावर दुसऱ्यांची अंडी आहेत. ती फुटून पिल्लं चालेपर्यंत बसेन."

दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"तुम्हाला भूक लागत नाही?"

"लागते. पण कासवं महिनोन्‌महिने न खाता राहतात. कोल्ह्यांचं मला माहीत नाही."

तिसऱ्या सकाळी चिटणीस शेळीला राहवेना. तिने ठरावाचं पानच खाऊन टाकलं.

"संपला ठराव," कोल्हा पुटपुटला. "आता तरी उतरा."

कासवीने वर पाहिलं. "उंबराला पानं पुष्कळ आहेत," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.