रुसून गेलेलं तळं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. नाव नाही तर नाही, आपलं काही अडत नाही.

त्या राज्यात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारं एक कुटुंब होतं. घरचा म्होरक्या दोऱ्या ओढायचा, मुलगे ढोलकी-झांजा सांभाळायचे आणि सून बाहुल्यांचे कपडे शिवायची. खाणारी तोंडं बरीच होती आणि पोट सगळं जत्रांवर.

जत्रेच्या आधी गावचा पाटील खेळाची सुपारी द्यायला यायचा. तिथली रीत अशी, की सुपारी हातावर ठेवतानाच कुठली गोष्ट करायची ते पाटलानं सांगायचं. खेळ रंगला तर लोक बाहुल्यांना वाखाणायचे. नाही रंगला तर पाटलाला वर्षभर टोमणे. मग पाटील कशाला नसती आफत ओढवून घेईल? तो आपला ठरलेलं सांगायचा, "राक्षस मारणारा राजपुत्र करा."

राजपुत्र गाजलाही तसाच होता. राक्षस मेल्यावर लोक हळहळले, म्हणून म्होरक्यानं राक्षसाचा भाऊ आणला. नवी बाहुली करायला नको. जुन्याच राक्षसाला मिशी रंगवली, की झाला भाऊ. भाऊ मेला, तशी त्यांची आई आली. मग राजपुत्राचा मुलगा आला. पुढं पुढं तर राजपुत्राच्या घोडीला शिंगरू झालं आणि ते शिंगरूही राक्षस मारायला लागलं. हसू नका, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सुनेजवळ मात्र तिची स्वतःची एक गोष्ट होती. एका गावावर तळं रुसतं आणि उठून दुसऱ्या गावाला निघून जातं. मग एक म्हातारी त्याची समजूत काढायला जाते. सून ती आपल्या पोरांना सांगायची आणि पोरं ऐकता ऐकता घास हातातच धरून बसायची.

एकदा तिनं भीत भीत विषय काढला. "मामंजी, यंदा तळ्याची गोष्ट करून बघू या का?"

म्होरक्या काही वाईट माणूस नव्हता. पोरांच्या मागं उभं राहून त्यानंही ती गोष्ट ऐकली होती आणि त्याला ती मनापासून आवडली होती. त्यानं पाटलाला विचारूनही पाहिलं.

"तळ्याची? कुणी पाहिलीय ती?" पाटील म्हणाला.

"पाहणार कुठून? अजून कुणाला दाखवलीच नाही."

"मग आधी दुसऱ्या गावाला दाखवा. आम्हाला राजपुत्रच बरा."

गावोगाव हेच उत्तर. म्होरक्या घरी येऊन सुनेला म्हणाला, "सूनबाई, गोष्ट सोन्यासारखी आहे. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो आणि जत्रा हुकली, तर खायचं काय? पुढच्या वर्षी बघू."

सून "बरं" म्हणाली आणि शिंगराचं खोगीर शिवायला बसली. म्होरक्याला वाईट वाटलं, पण जत्रा तोंडावर आली होती.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं, आणि दर वर्षी त्यानं हेच सांगितलं. खरं तर राजपुत्राचा खेळ संपल्यावर घटकाभर तळ्याची गोष्ट दाखवायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण तळं कसं करायचं, म्हातारी कशी करायची, कोण तो खटाटोप करणार!

मग एका जत्रेत भलतंच झालं. बाहुलीनं बोलायच्या आधी लोकच तिचं बोलणं म्हणू लागले. राक्षस कुठून येणार, कधी पडणार, सगळं पाठ. एकेक करत माणसं उठली आणि जिलेबीच्या दुकानाकडं गेली. शेवटी शिंगरानं राक्षस मारला, तो बघायला म्होरक्याच्या घरचीच माणसं उरली होती.

सकाळी पाटील म्हणाला, "राग मानू नका, पण पुढच्या वर्षी आम्ही दुसरी मंडळी बघणार. काही नवीन दाखवणारी."

"अहो, दर वर्षी राजपुत्रच हवा म्हणून तुम्हीच सांगत होता ना?"

"सांगत होतो. माणूस ठाऊक आहे तेच मागतो. ठाऊक नाही ते मागणार कसं? ते तुम्ही आमच्या पुढ्यात आणून ठेवायचं असतं."

म्होरक्याला ते झोंबलं, कारण ते पटलं. तो तडक बिऱ्हाडी आला. "सूनबाई, ती तळ्याची गोष्ट काढ. सुपारी नसली तरी चालेल, आज चौकात उभे राहून करू."

सुनेनं हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "मामंजी, तळं रुसून गेलं तिथवर आठवतं. म्हातारीनं त्याला काय सांगून परत आणलं, ते काही केल्या आठवत नाही. पोरांना विचारलं, त्यांना शिंगराचीच आठवते."

 तो शेवट म्होरक्यानंही कधी काळी ऐकला होता. त्यानं आठवून पाहिलं, पण कानात येत राहिली ती राजपुत्राची आरोळीच.

त्या कुटुंबाला मग मोठ्या जत्रेची सुपारी मिळाली नाही. लहानसहान वस्त्यांवर ते शिंगराचा खेळ करत राहिले, आणि तिथंही लोक अर्ध्यावर उठायचे.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आज सगळ्यांच्या ओळखीची असलेली गोष्टही एके काळी अनोळखीच होती, आणि जो अनोळखीला दारात उभं करत नाही, त्याच्याजवळ उद्या ओळखीचंही काही उरत नाही.