बांधावरची शिंपली

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी जमिनीचे दोन अवाढव्य तुकडे शेजारी होते. मधला समुद्र हाच त्यांचा बांध, आणि त्याच्या तळाशी एक शिंपली राहायची.

"बांध तू कोरलास!" दक्षिणेचा तुकडा ओरडायचा.

"मी जागचा हललोय तरी का? तूच सरकतोयस!" उत्तरेचा डाफरायचा.

शिंपलीचे कान किटले. "अहो, भांडता काय? इथे समुद्र आटत चाललाय!"

खालचा तापलेला खडक वैतागला. "गप्प बसा रे! दोघंही माझ्याच पाठीवर आहात. मी सरकतो, म्हणून तुम्ही सरकता."

पण ऐकतंय कोण! दोघं भिडले, चुरगळले आणि मधला बांध समुद्राच्या तळासकट वर उचलला जाऊन आभाळाला टेकला.

आता बर्फाळ शिखरावर दगड होऊन बसलेली शिंपली करवादते, "मला समुद्रात कोण सोडणार?"

"थांब गं, आधी याला मागे सरकू दे!" दोघंही एकदम ओरडतात, आणि शिखर आणखी तसूभर वर जातं.