दत्तोबांची खोडलेली पानं

नदीकाठच्या एका गावाला नाटकाचं फार वेड होतं. त्या गावात दत्तोबा सबनीस नावाचे वयस्कर नाटककार राहत. देशमुखांच्या सुनेवर त्यांनी लिहिलेलं नाटक घरोघरी माहीत होतं. शेवटच्या प्रवेशात ती सून सासर सोडून निघते आणि दारात वळून म्हणते, "दार मी ओढून घेते. कडी तुम्ही आतून घाला." एवढंच. पण ते ऐकलं की बायका पदर डोळ्यांना लावत आणि पुरुष माना खाली घालत.

दत्तोबा एकटाकी लिहितात, अशीही त्यांची ख्याती होती. एका सत्कारात नाटक कंपनीचे मालक भाषणाच्या भरात म्हणून गेले होते, "दत्तोबा लेखणी टेकवतात, ती नाटक संपल्यावरच उचलतात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्तोबा नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत. पुढे ते कधीच नाही म्हणाले नाहीत.

खरं तर त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत खोडलेल्या पानांचा ढीग होता. एकेक प्रवेश पुन्हा पुन्हा लिहिलेला. कडेला नटांनी तालमीत केलेल्या खुणा, चहाचे डाग, शाईचे ओघळ. ही ट्रंक दत्तोबा कुणाला उघडू देत नसत.

एके वर्षी गावच्या वाचनालयाने नाटककारांची हस्तलिखितं जपून ठेवायला वेगळी खोली बांधली. ग्रंथपाल हैबतराव दारोदार फिरून जुन्या संहिता गोळा करू लागले. ते दत्तोबांकडेही आले. दत्तोबांनी मोत्यासारख्या अक्षरातली स्वच्छ प्रत त्यांच्या हातात ठेवली.

हैबतरावांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, "हिच्या आधीची प्रत कुठाय?"

"आधीची म्हणजे?"

"खोडाखोडीची. छापील नाटक सगळेच वाचतात हो. मला कुतूहल आहे ते वेगळंच. ती सून दारात वळते, ते तुम्हाला पहिल्याच झटक्यात सुचलं? की आधी ती न वळताच गेली होती?"

"मी खोडत नाही," दत्तोबा म्हणाले. "गावाला विचारा."

हैबतराव नमस्कार करून निघून गेले. पण त्या दिवसापासून दत्तोबांना घोर लागला. आपल्यामागे कुणीतरी ट्रंक उघडणार आणि सगळं उघडं पडणार. त्यापेक्षा आपल्या हातानेच ती पानं जाळून टाकलेली बरी.

जाळण्याआधी आपली स्वच्छ प्रत कशी मांडली आहे ते पाहावं म्हणून ते वाचनालयात गेले. काचेच्या कपाटात प्रत ठेवली होती आणि समोर शाळेतल्या शिक्षिका सगुणाबाई उभ्या होत्या. दत्तोबांना पाहताच त्यांनी वाकून नमस्कार केला.

"काका, मीही नाटक लिहीत होते," त्या म्हणाल्या. "गावातल्या विडी कामगार बायकांवर. पण आता सोडलं."

"का बरं?"

"पहिलाच प्रवेश कितीदा लिहिला. दर वेळी खोडायची पाळी यायची. मग वाटलं, ज्याला लिहिता येतं त्याला एकदाच लिहावं लागतं. तुमच्यासारखं. ही प्रत बघा ना, एक काना इकडचा तिकडे नाही! मी माझी पानं चुलीत घातली आणि मोकळी झाले."

त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. दत्तोबा तसेच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचा बंब पेटवून दत्तोबांनी ट्रंक अंगणात ओढली. वरचं पान उचललं. आत टाकणार, तोच हात थांबला. हैबतरावांचा प्रश्न आठवला. खरंच, ती सून आधी कशी गेली होती? त्यांना स्वतःलाच आठवेना. पाहूया तरी, म्हणून त्यांनी पान वाचायला घेतलं.

पहिल्या खर्ड्यात सून जातच नव्हती. सासऱ्याच्या पाया पडून स्वयंपाकघरात परतत होती. दत्तोबांना हसू आलं. दुसऱ्यात ती विहिरीत जीव देत होती. त्याच्या पुढच्यात ती निघत होती खरी, पण निघण्याआधी पानभर भाषण ठोकत होती. त्या भाषणाच्या कडेला पेन्सिलीने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, "एवढं बोलत बसली तर बाई जाणार कधी?"

ते अक्षर हौसाबाईंचं होतं. सुनेचं काम त्यांनी केलं होतं. आता त्या हयात नव्हत्या. ही टीप वाचून आपण किती चिडलो होतो, आठवडाभर तालमीला गेलो नव्हतो, ते दत्तोबांना आठवलं. मग रागारागाने त्यांनी अर्धं भाषण कापलं होतं. मग उरलेल्यातलं अर्धं. शेवटी दार आणि कडी एवढंच राहिलं होतं.

बंबातलं पाणी उकळून उकळून आटत आलं. दत्तोबा पायरीवर बसून वाचतच होते. मनात भीती होतीच. लोक हसतील, खोटारडा म्हणतील. पण सगुणाबाईंच्या चुलीत गेलेली पानं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपण एकदा नुसते हसून गप्प बसलो, आणि तिकडे एक नाटक जळून गेलं!

त्यांनी बंब विझवला. ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली आणि भरदुपारी वाचनालय गाठलं. सगुणाबाईंनाही तिथे बोलावून घेतलं. वाचायला बसलेल्या सगळ्यांदेखत ते म्हणाले, "हैबतराव, मी एकटाकी लिहीत नाही. कधीच लिहिलं नाही. घ्या ही माझी खोडाखोड."

कुणीतरी फिसकन हसलं. कंपनीचे मालक तर पुढे कित्येक महिने त्यांच्याशी धड बोलले नाहीत. पण हैबतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी एकही डाग पुसला नाही, पानांचा क्रम बदलला नाही. प्रत्येक दोन पानांमध्ये पातळ कागद घातला आणि हौसाबाईंचं नावही नोंदीत लिहिलं.

सगुणाबाई मात्र त्या पानांना चिकटूनच बसल्या. एक ओळ वाचायची, खोडलेल्या शाईखालचा शब्द उजेडात धरून लावायचा आणि मान डोलवायची. "अगंबाई, हे का बरं काढलं?" त्या स्वतःशीच पुटपुटत. शाळा सुटली की त्या रोज येऊ लागल्या.

पावसाळा सरता सरता एक दिवस त्या दत्तोबांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात नव्याने लिहिलेला पहिला प्रवेश होता. दत्तोबांनी तो मन लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, ही तुमची मुकादमीण इथे रडते. ती रडेल का हो?"

सगुणाबाई विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "नाही रडणार. शिवी देईल. मग खोडू हे?"

"खुशाल खोडा," दत्तोबा म्हणाले. "फक्त फाडू नका."

तात्पर्य: आपलं काम कसं घडत गेलं ते लपवणारा फक्त आपला मोठेपणा राखतो. चुकांसकट ते जपून ठेवणारा मागून येणाऱ्यांना लिहिण्याचं बळ देतो.