सगुणाबाई दमल्या

फार पूर्वी एका नगरात सगुणाबाई नावाची एक बाई राहत असे. कुणाचं छप्पर उडालं, कुठं गटार तुंबलं, की लोक म्हणत, "सगुणाबाईंना सांगा." मग सगुणाबाई पदर खोचून नगरसभेत जात, तासन्‌तास ताटकळत आणि काम करून घेऊनच परतत. असं करता करता केस पिकले, गुडघे धरले. लोकांची सवय काही सुटली नाही. खालच्या रंगारी आळीत दवाखाना व्हावा म्हणून तर त्यांनी किती वर्षं खेटे घातले होते.

एके दिवशी नगराध्यक्षांनी त्यांना बोलावून सभासदाची खुर्चीच दिली. सगुणाबाईंना वाटलं, चला, पायपीट संपली एकदाची.

पहिल्याच सभेत अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा दवाखाना मंजूर. फक्त रंगारी आळीच्या पाटाचं पाणी आम्ही नव्या बागेकडे वळवतोय. लोक आमचं ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकतील. तेवढी समजूत घाला."

"पाण्यावाचून त्यांनी कापड रंगवायचं कसं?"

"नदी आहे की! जरा लांब पडेल, एवढंच."

खरं सांगायचं तर सगुणाबाईंच्या अंगात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. नुसती मान डोलावली असती तर दवाखाना झाला असता, खुर्ची राहिली असती, आणि लोकांनी डोळे मिटून विश्वासही ठेवला असता. तो विश्वासच त्यांना टोचू लागला.

संध्याकाळी त्यांनी आळीला पारावर जमवलं आणि दवाखाना, पाट, खुर्ची, सगळं होतं तसं सांगितलं.

एक रंगारी उसळला, "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच झालात!"

सगुणाबाईंचे डोळे भरून आले. "तसं असतं तर गोड बोलून निघून गेले असते रे. उद्या मी सभेत नाही म्हणणार आहे. पण माझ्या एकटीच्या 'नाही'ला तिथं कोण विचारतो? तुम्ही चला."

दुसऱ्या दिवशी अख्खी आळी हातांचा निळा-तांबडा रंगही न धुता सभेत येऊन बसली. एवढी माणसं समोर बघून अध्यक्षांनी पाटाचा विषय गुंडाळला. पण दवाखानाही बारगळला, आणि सगुणाबाईंची खुर्चीही गेली.

वाटेत तोच रंगारी ओशाळून म्हणाला, "आई, दवाखान्याचं पुढच्या सभेत पुन्हा काढाल ना?"

"नाही बाबा. मी दमले. आता तुम्ही काढा."

लोक चपापले. तरी पुढच्या सभेला चौघं-पाच जण गेले. त्यांना धड बोलता आलं नाही, अध्यक्षांनी उडवून लावलं. पण परतताना पुढच्या वेळी कुणी बोलायचं आणि काय बोलायचं, हे ते आपसांत ठरवत होते. सांगायला म्हणून सगुणाबाईंच्या दारापर्यंत आले, तर त्या भर दुपारी गाढ झोपल्या होत्या.

कुणी त्यांना उठवलं नाही.

तात्पर्य: आपल्यासाठी झटणारं भलं माणूस मिळालं म्हणजे आपलं काम संपत नाही, त्याला विसावा मिळेल इतकं तरी आपण उभं राहावं.